तीन महिने कुणाला सांगू नको

अक्का मोरीत पडली तवा माझी पोरगी अंगावर पीत होती. धप्प आवाज आला, तिला तशीच काखंत घेऊन पळाले, बघते तर माझी थोरली जाऊ भिंतीला अर्धी टेकलेली, अर्धी पडलेली, ओठ पांढरे, अंगाला गार घाम, एक हात पोटावर. "अक्का, काय झालं ओ?" तर म्हणली, "खांदा लई दुखून राहिला गं..." पोट धरून बसलीय अन् खांदा म्हणती! घरात गडीमाणूस एक मामाच, आमचे सासरे. भाऊजी अन् आमचे हे, दोघं कामावर. मामांनी ऑटो आणला अन् कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

दीड महिना झाला त्याला. अक्का लातुरात क्लासच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची. त्या पोरांनीच पेपरच्या पुरवणीत तिच्यावर लिहायचं ठरवलं, घरातलं कुणी लिहील का म्हणून मला इचारलं. मी नववी नापास, धर्माबादकडची, मला काय लिहिता येतंय... पण लिहिते, कारण एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक हाय.

अक्का किल्लारीकडची. भूकंपात चार वर्षांची होती, दगडमातीखालून तिला काढली, तिची आई न्हाई निघाली. पत्र्याच्या शेडात मावशीनं वाढवलं, तिथूनच शिकली. आमच्या घरात बी दारापाशीच निजायची. कुणी हसलं की म्हणायची, "हसा, हसा. हललं की पहिली मीच पळणार." कणीक मळता मळता मला शिकवायची. एका गोळ्याचे दोन करायची, दोनाचे चार, चाराचे आठ. "बघ, तुझी पोरगी अशीच झाली, एका पेशीपासून." मी म्हणलं, "एवढ्या पेशी अंगात, मग मी नापास कशी?" "पेशी पास हायेत गं, तुझा मास्तर नापास हाय. हाच धडा त्यानं घरी वाचा म्हणून सोडला ना?" खरंच सोडला होता. मग तिनं पोळपाटावरच्या पिठात बोटानं बैलाचं तोंड काढलं, दोन शिंगं काढली. तोंड म्हणजे पिशवी, शिंगं म्हणजे नळ्या. गर्भ नळीत धरतो अन् सरकत सरकत पिशवीत येतो, म्हणली. मी इचारलं, "अन् वाटंतच बसला तर?" "तर नळी फुटती, बाई मरती. चल, तवा तापला."

तिला दोनदा दिवस गेले अन् दोन्ही बारीला पडलं. सासूबाईंच्या तोंडात काही राहत न्हाई, रेणापूरच्या सगळ्या भावकीला आधीच सांगून बसल्या होत्या. मग बाया येऊन बसायच्या, मयताला आल्यासारख्या. म्हणून ह्या बारीला अक्कानं मला एकटीलाच सांगितलं, भाऊजींना बी न्हाई. "तीन महिने होऊ दे, तोवर कुणाला सांगू नको. पोरीची शप्पथ घे." घेतली.

तर दवाखान्यात डॉक्टरांनी मला इचारलं, "यांची पाळी चुकली का हो?" मामा तिथंच पडद्यापाशी उभे. काखंत पोरगी, जिची शप्पथ घेतली तीच. अक्काचे डोळे मिटलेले, पण तिनं माझा हात दाबला. सांग म्हणून दाबला का सांगू नको म्हणून... मला अजून कळलं न्हाई. मी म्हणलं, "न्हाई." डॉक्टर म्हणले पित्त हाय, सुई दिली, सलाईन लावलं. तासाभरानं अक्का बोलायचीच बंद झाली. मोठ्या दवाखान्यात नेईस्तोवर पोटात सगळं रक्त भरलं होतं. "गर्भ नळीत राहिला होता, फुटला. तासभर आधी आणायला पायजे होतं," असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणल्या.

मातीला सगळे जमले तवा सासूबाई रडत रडत म्हणल्या, "एवढी शिकलेली अन् कुणाला एका शब्दानं सांगितलं न्हाई गं! आपल्या हातानं गेली." भाऊजी भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी पोरीला थोपटत राहिले. आजपर्यंत जो येतो तो मेलेल्या अक्कालाच बोल लावतो, अन् मी चहा ठेवते, ऐकून घेते...

आता हे छापून येईल. मामा पेपरातलं एक अक्षर सोडत न्हाईत. भाऊजी मला घरात ठेवतील का, आमचे हे माझ्याशी बोलतील का, ठाऊक न्हाई. पण वाचणाऱ्या तुम्ही बी लेकुरवाळ्या असताल, तुम्हीच सांगा. सासरे ऐकत उभे, जिची शप्पथ घेतली ते लेकरू कडेवर, अन् डॉक्टर इचारून राहिले... तुमच्या तोंडून काय निघालं असतं?