लग्नानं थंड होणारं रक्त

"पोरगं वाईट न्हाई ओ, रगत गरम हाय. लगीन झालं की थंड होतंय."

मोठे काका बैठकीत हे म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पेरत होते. काकांच्या मुलासाठी, म्हणजे माझ्या चुलतभावासाठी, परळीकडून मुलीची आई आणि मामा आले होते. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून काकांशेजारी मान खाली घालून बसला होता.

मुलीच्या आईला केजच्या स्टँडवर कुणीतरी सांगितलं होतं, की त्यानं एका जीपवाल्याचा हात मोडला. काकांचं उत्तर तयार होतं. "गोऱ्हा तरणा झाला की शिंगं उगारतोच. खच्ची केला की गुमान औताला चालतो. माणसाचं लगीन करायचं."

"म्हंजे आमची पोरगी औत का काय?" मामा म्हणाले. सगळे हसले. मुलीची आई हसली नाही.

आमचा पांढरा बैल खच्ची करून वर्षं झाली, तरी मारका आहे. फक्त या भावावर धावतो. त्याला पराणी टोचून टोचून यानंच तसा केलाय. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. गेल्या दिवाळीत भाजी गार वाढली म्हणून यानं धाकट्या बहिणीला चार्जरच्या वायरनं मारलं, तेही माहीत आहे. काकूंनी तिच्या पाठीला हळद लावली आणि म्हणाल्या, "वयच तसलं हाय त्याचं."

मी पोहे घेऊन बाहेर आले.

"हिला इचारा की," काका म्हणाले. "इंग्लिश मिडियमला शिकलीय, बायोलॉजी हाय तिचं. सांग गं, हार्मोन असतात का न्हाई या वयात? मोबाइलवर दाखवत होते परवा."

असतात. पण मी वाचलेलं इतकं सरळ नव्हतं. हार्मोनचा आणि मारहाणीचा संबंध कच्चा, गुंतागुंतीचा आहे. भांडण जिंकल्यावरही हार्मोन वाढू शकतं, मग आधी काय आणि नंतर काय, हे कसं ठरवायचं? हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं. मराठीत आणेपर्यंत लोक नेहमी पुढच्या विषयावर गेलेले असतात, आणि मग मी घुमी ठरते. माझं गप्प बसणं आज 'हो' म्हणून मोजलं जाणार होतं, याचा मला संताप आला.

"बोल की, लाजती काय?" काका म्हणाले.

मुलीची आई माझ्याकडे बघत होती. बशी तिनं अजून हातात घेतली नव्हती. मला जीपवाल्याच्या भानगडीनंतरची सकाळ आठवली. काकांनी अंगणात याच्या थोबाडीत मारली होती, आणि हा हात मागे बांधून उभा राहिला होता.

"मावशी," मी म्हणाले, "काकांनी मारलं तरी याचा हात उठत नाही. बहिणीवर उठतो. हार्मोनला माणसं ओळखता येत नाहीत, याला येतात. तुमची मुलगी इथं देऊ नका."