खटकाबाईंचा डूख

गाडीच्या कारखान्यात त्यांना सगळे खटकाबाई म्हणत. एक तर त्यांचं काम खटक्यांचं, आणि दुसरं म्हणजे ज्याच्याशी त्यांचा खटका उडाला नाही असा माणूस तिथं शोधून सापडला नसता. नावातले दोन्ही अर्थ त्यांना ठाऊक होते, आणि दोन्हींचा त्यांना अभिमान होता.

मी त्यांना ओळखू लागलो ते नंतर, त्या आमच्या संस्थेत आल्यावर. आधीचं सगळं काही त्यांच्या तोंडून, काही उस्तादांच्या तोंडून ऐकलेलं आहे. उस्ताद म्हणजे त्याच कारखान्याचे जुने चालक. नवी गाडी बाजारात जाण्याआधी ती दामटून, दगडधोंड्यांतून घालून, चिखलात रुतवून बघणं हे त्यांचं काम.

बाई इंजिनियर होत्या, खात्याच्या प्रमुख होत्या. कारखाना बनवायचा त्या गाड्या श्रीमंतांच्या. अशा गाडीत हाताला लागणारी प्रत्येक कळ, प्रत्येक बटण कसं लागलं पाहिजे हे त्यांचं खातं ठरवायचं. आवाजाची चकती फिरवताना बोटाला कितपत अडली पाहिजे, वायपरची दांडी कुठवर सैल आणि कुठून घट्ट, दिव्याचं बटण 'टक' वाजलं पाहिजे की 'टुक'. हसू नका, या टक आणि टुकवरून तिथं आठवडेच्या आठवडे भांडणं चालत. बाई समोर बटणांची पाटी घेऊन डोळे मिटून बसायच्या आणि एकेक दाबत निकाल द्यायच्या. "हे मेलेलं आहे. हे चिडकं आहे. हे लाडात आलंय. हां, हे चालेल." चालकानं नजर रस्त्यावर ठेवून नुसता हात पुढे केला, तरी हवी ती कळ हाताशी आली पाहिजे, एवढी एकच त्यांची अट. ती पाळायला त्यांनी अर्ध्या कारखान्याशी वैर घेतलं होतं.

बाईंनी लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हा बहीण आणि तिचा तान्हा मुलगा बाईंच्याच घरी राहायला आले. मुलाला सगळे गुंड्या म्हणत. गुंड्याची शाळा, गुंड्याचा चष्मा, गुंड्याचे तापातले रुसवे, सगळं बाईंनी निस्तरलं. शिकून बाहेर पडल्यावर कारखान्यात त्याला चिकटवलाही त्यांनीच. पहिल्या दिवशी फाटकातच बजावलं, "आत गेल्यावर मी तुझी मावशी नाही. मॅडम म्हणायचं. कुणी म्हणायला नको, भाच्याला पाठीशी घालते."

"हो मॅडम," गुंड्या तिथल्या तिथे म्हणाला. मुलगा हुशारच होता.

इतका हुशार की काही वर्षांत तो खर्च कमी करणाऱ्या खात्याचा साहेब झाला. वेगळं घर घेतलं, आईला तिकडे नेलं. आणि एक दिवस कारखान्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर त्यानं नव्या गाडीचं चित्र भिंतीवर दाखवलं. डॅशबोर्डवर एकही बटण नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी काच. दिवे काचेत, वायपर काचेत, गारवा काचेत. वाऱ्याची झडप डावीकडे वळवायची, तरी काचेत शिरून बोटानं रेघ ओढायची.

"एका काचेनं सगळ्या कळा गेल्या," गुंड्या सांगत होता. "त्यांचे साचे गेले, तारा गेल्या, बसवणारे हात गेले. गाडी आपल्याला स्वस्त पडेल आणि दिसेल मात्र जास्त महाग. गिऱ्हाईक वर पैसे देईल."

बाई उभ्या राहिल्या. "ताशी शंभराच्या वेगात पाऊस कोसळला की गिऱ्हाईक ही रेघ ओढणार? कशाच्या आधारानं? काचेला ना खाच, ना उंचवटा. बघितल्याशिवाय बोट कुठे ठेवायचं ते कळणार कसं?"

गुंड्या गोड हसला. इतक्या वर्षांत ऑफिसात जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. म्हणाला, "मावशी, जमाना बदललाय गं."

सगळे हसले. वाईट कुणी हसलं नाही, आपल्या घरातल्या म्हातारीला मोबाइल जमत नाही म्हणून हसतात तसं हसले. बाई खाली बसल्या. मला हे सांगताना त्या म्हणाल्या होत्या, "त्यानं माझ्या तोंडावर फाइल फेकली असती ना, तर मी विसरले असते."

काचेची पहिली गाडी चाचणीला उस्तादांच्या हाती दिली. थंडीतली सकाळ होती, रस्त्यावर धुकं. पुढच्या काचेवर आतून वाफ धरली. वाफ घालवायची कळ पूर्वी हाताखाली असायची, आता ती पडद्यावर कुठल्या तरी पानाच्या आत. उस्तादांनी शोधायला मान वळवली, आणि गाडी कठड्यावर गेली. डाव्या खांद्याचा चुरा झाला. हात परत कधी कानाच्या वर गेला नाही.

अहवालावर सही गुंड्याची होती. त्यात लिहिलं होतं, "चालकाचं लक्ष नव्हतं." उस्तादांना घरी बसवलं. दवाखान्यात भेटायला गुंड्या गेला नाही, फुलं पाठवली.

पुढच्या महिन्यात बाईंचं खातं बंद झालं. दुसरीकडे एक खुर्ची देतो म्हणाले, त्या नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी मागच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांना भंगाराचा ढीग दिसला. वर त्यांच्या बटणांच्या पाट्या पडल्या होत्या, उलट्या, तारा बाहेर आलेल्या. विचारायचं सौजन्यही कुणी दाखवलं नव्हतं. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. आपलंच लेकरू आहे."

"हो, आपलंच आहे," बाई म्हणाल्या, आणि डूख धरून बसल्या.

आमच्या संस्थेचं काम असं, की बाजारात येणारी गाडी सुरक्षित किती ते तपासून तिला तारे द्यायचे. पाच तारे मिळाले तर गाडी मिरवते. तीन मिळाले तर महागडी गाडी कुणी घेत नाही, लोक म्हणतात एवढे पैसे मोजून मरायचं कशाला. बाई आमच्याकडे आल्या आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसू लागल्या. चाचणीच्या रस्त्यावर पाण्याचे फवारे सांभाळायला माणूस हवा होता. त्यांनी उस्तादांना आणलं. एका हातानं होण्यासारखं काम होतं.

त्या सुमारास संस्था एका नव्या नियमाचा विचार करत होती. दिवे, वायपर, हॉर्न, धोक्याचा इशारा आणि पुढच्या काचेवरची वाफ घालवणं, एवढ्या गोष्टींना खरीखुरी हाताला लागणारी कळ असली पाहिजे, नाहीतर तारे कापायचे. बाईंनी या नियमासाठी जिवाचं रान केलं. मसुदा सगळ्यांसाठी खुला होता, कुणीही वाचावा.

गुंड्यानं वाचला होता. म्हणून तर एके दुपारी त्याचा फोन आला. बाईंचे हात कामात होते, फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू. मी ऐकत होतो.

"मावशी, तुमचा तो बटणांचा नियम. खरंच लागू होणार आहे का गं? आमचे डॅशबोर्डचे साचे पाडायला द्यायचेत. एकदा पाडले की पाडले."

मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, नियम वरून जवळजवळ पक्का झाला होता. सांगायला बंदी नव्हती. आम्ही रोज इतर कंपन्यांना सांगतच होतो, की बाबांनो, तयारीला लागा.

बाई म्हणाल्या, "असे मसुदे येतात नि जातात. तू इतकी वर्षं बघतोयस."

"तेच म्हटलं मी आमच्या लोकांना!" तो खूश झाला. "घरी ये ना एकदा. आई आठवण काढते."

फोन ठेवून बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलले का मी?"

"नाही," मी म्हणालो. "पण..."

"मग झालं तर."

साचे पाडले गेले. नंतर नियम लागू झाला. आणि काचेची गाडी आमच्याकडे तपासणीला आली.

बाईंनी आमच्या साहेबांना आधीच सांगून टाकलं की हा माझा भाचा, मी मार्क देणार नाही. म्हणून मार्क द्यायचं माझ्याकडे आलं. पाऊस पाडायच्या चाचणीपुरत्या बाई रस्त्यावर होत्या. कंपनीकडून गुंड्या स्वतः आला, कोट घालून, सोबत दोन माणसं.

नुसती कळ नाही एवढ्यावर तारे कापू नका, असं त्याचं म्हणणं. "वापरून तर बघा. तुमचे चालक जुन्या सवयीचे. कुठल्याही साध्या माणसाला ही काच जमते."

"मग तूच बस," बाई म्हणाल्या.

दोन माणसांसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्यानं कोट काढला, हेल्मेट घातलं आणि चाकामागे बसला. बाई शेजारी. मी मागे, कागद घेऊन. तो बरा चालवत होता, गप्पाही मारत होता. वळण संपलं तसा बाईंनी खिडकीबाहेर हात काढून वर केला. पलीकडे उस्तादांनी तोटी सोडली.

बादल्याच्या बादल्या ओतल्यासारखं पाणी पुढच्या काचेवर आलं. समोर काही म्हणजे काही दिसेना. गुंड्याचं बोट पडद्यावर गेलं, गाण्यांचं पान उघडलं. पुन्हा टोचलं, गारवा वाढला, आतून वाफ धरायला लागली. "कुठेय, कुठेय हे..." तो पडद्यात डोकं घालून पुटपुटत होता. मला मागून त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. बाई समोर पाहत शांत बसल्या होत्या, हात मांडीवर. गाडी पट्टा सोडून गेली आणि कडेच्या फोमच्या ठोकळ्यांत घुसली. आम्हाला हिसका बसला, लागलं कुणालाच नाही. ठोकळे त्यासाठीच रचलेले असतात.

 बाईंनी सीटचा पट्टा सोडला, गुंड्याकडे वळल्या आणि अगदी मऊ आवाजात विचारलं,

"काय लिहायचं मग? चालकाचं लक्ष नव्हतं?"

 त्याचं तोंड असं झालं होतं, की मी नजर खिडकीबाहेर वळवली.

गाडीला तीन तारे मिळाले. मार्क मी दिले आणि ते बरोबर होते, आजही माझ्या हातून तेवढेच पडतील. कंपनीनं गाडी मागे घेतली, नवे साचे पाडायला घेतले, आणि कुणाचा तरी बळी द्यायचा म्हणून गुंड्याला काढलं.

बहीण आठवड्याभरात संस्थेत आली. बाई तिला घेऊन चहाच्या खोलीत गेल्या. ती खोली माझ्या टेबलाला लागूनच, मधे नुसती पातळ फळी.

"ताई, त्यानं तुला विचारलं होतं. तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आणि त्यानं एका माणसाचा खांदा मोडून वर त्याच्यावरच ठपका ठेवला, तेव्हा तू त्याला विचारलंस का?"

"तो चुकला!" बहिणीचा आवाज फाटला. "चुकला, उर्मटपणा केला, मान्य आहे मला. पण तू ठरवून केलंस. फोनवर गोड बोलून, महिनोन्‌महिने वाट बघत बसलीस. ताई, तू त्याला न्हाऊमाखू घातलंयस गं."

 बाई म्हणाल्या, "घातलंय. म्हणून तर इतकं लागलं."

बहीण चहा न घेता गेली.

उस्तादांनाही हे रुचलं नव्हतं. संध्याकाळी नळ्या गुंडाळताना ते बाईंना म्हणाले, "माझ्यासाठी केलंत म्हणता, पण मला काही बरं वाटलं नाही बघा. पोराचं तोंड पांढरंफटक पडलं होतं."

"तुमच्यासाठी थोडंसं केलं," बाई म्हणाल्या. "बाकी माझ्यासाठी. आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं."

नवी गाडी वर्षाने आली. तीत नियमापुरत्या कळा होत्या, एकही जास्त नाही. आणि त्या इतक्या हलक्या की दाबल्या की खुळखुळ्यासारख्या वाजायच्या. बाईंनी एकदा दाबून बघितल्या, तोंड वाकडं केलं. नियमात कळ कशी लागली पाहिजे असं कुठे लिहिलं नव्हतं. गाडीला पाच तारे मिळाले.

गेल्या हिवाळ्यात बहिणीचं मोठं ऑपरेशन झालं. बाईंना हे परस्परच कळलं. मी त्यांना दवाखान्यात सोडायला गेलो. बाहेरच्या बाकावर गुंड्या बसला होता, पोट सुटलेला, दाढी वाढलेला. आता तो कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत होता. बाईंना पाहून उठला, जागा करून दिली. दोघं बराच वेळ शेजारी शेजारी बसली. मी उभाच होतो.

शेवटी तो म्हणाला, "मावशी, तू मला सांगायला हवं होतंस."

"हो," बाई म्हणाल्या. "हवं होतं."

तो पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला.  आतून परिचारिकेनं नातेवाइकांना बोलावलं, तेव्हा दोघं एकदमच उठली, आणि दारात त्यांनी त्याला पुढे जाऊ दिलं.