चिमाबाईने धाडलेला निरोप

हिरामण कर्जत स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला होता. १९५८ साली त्याला क्षय झाला आणि मिशनच्या दवाखान्यात तो सात महिने पडून राहिला. तिथेच त्याने प्रभू येशूला आपलं म्हटलं, बाप्तिस्मा घेतला. बरा होऊन खालापूरजवळच्या आपल्या गावी गेला तेव्हा आई, चिमाबाई, अंगणात तांदूळ पाखडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तेच चुकलं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

चिमाबाईने सूप खाली ठेवलं. "माझा हिरामण त्या दवाखान्यातच गेला," एवढं बोलून ती घरात शिरली.

त्यानंतर तो वर्षातून दोनदा खोपोलीची गाडी धरी आणि पुढे चालत गावी जाई. ओटीवर बसे. धाकटा भाऊ धोंडी पाण्याचा तांब्या आणून देई, भातपिकाचं काहीबाही बोले. आत बांगड्या वाजत, पण आई बाहेर येत नसे. बाप वारला तेव्हाही हिरामण लोकांच्या मागे, लांबच उभा राहिला.

कर्जतच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणत, "हिरामण, प्रभूची वेळ चुकत नाही. धीर धर." तो धरी. बायको इंदूबाई आणि तो रोज प्रार्थनेत आईचं नाव घेत. अशी बावीस वर्षं गेली. मुली लग्नाला आल्या, तरी त्यांनी आजी पाहिली नव्हती.

एका वर्षी भातकापणीच्या सुमारास धोंडी स्टेशनावर आला. "दादा, आईला काय आठवत नाय आता. आमच्या हातचं खात नाय. सारखं तुझंच नाव घेते. चल."

हिरामणला वाटलं, आली वेळ. रजेचा अर्ज टाकून तो तसाच निघाला. वाटभर देवाचे आभार मानत होता.

आई बाजेवर बसली होती, एवढीशी झालेली. त्याला बघून म्हणाली, "कोण रं तू?"

"मी हिरामण, आई."

ती हसली. "हिरामण दवाखान्यात हाय. छातीचं दुखणं हाय त्याला. तू तिकडचाच ना? मग सांग त्याला, बरा झालास की लगेच ये. आई वाट बघते."

त्याने तिचे हात धरले. पुन्हा नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, लहानपणी पडून कपाळाला झालेला व्रण दाखवला. ती घाबरून रडू लागली. तेव्हा त्याने तिचे डोळे पुसले. "सांगतो," म्हणाला. मग तिने त्याच्या हातून पेज प्यायली.

तो तीन आठवडे राहिला. रोज ती विचारी, "सांगितलंस त्याला?"

"सांगितलं. निघतोय तो."

एकदाच, घडीभर का होईना, तिला आपली ओळख पटू दे, एवढंच तो देवाकडे मागत होता. पटली नाही. एका सकाळी पेज भरवता भरवताच तिने मान टाकली.

पुढच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी त्याला साक्ष द्यायला, देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे बोलायला सांगितलं. "आईने शेवटी जवळ केलं ना तुला?"

हिरामण पुढचं बाक धरून उभा राहिला. "प्रभूची वेळ आली होती की येऊन गेली होती, मला कळलं नाही," तो म्हणाला. "माझ्या हातचं जेवली ती." इंदूबाईने हळूच सदरा ओढून त्याला खाली बसवलं. कुणीतरी गीत सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला तोही म्हणू लागला.