दत्तोबातात्यांची सारवलेली फरशी

लासुर्ण्याच्या दत्तोबातात्यांना पर्यावरणाची बाधा झाली ती बारामतीत. साल असेल शहाण्णव-सत्त्याण्णव. साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले तात्या दिवसभर पारावर बसून जगाला शहाणं करत, पण त्यांना विषय पुरत नव्हता. कुणीतरी त्यांना एका शिबिराला नेलं. दुपारी जिलेबी होती म्हणून ते गेले. जिलेबीच्या आधी ‘घराची पर्यावरणपूरक स्वच्छता’ यावर राजलक्ष्मी मॅडमांचं भाषण होतं, ते ऐकावंच लागलं. तात्या विषय घेऊनच एस.टी.त बसले.

घरी पोचताच त्यांनी मोरीतलं फिनेल, ॲसिड आणि धुण्याची पावडर उचलली आणि पर्यावरण वाचवण्यासाठी मागच्या ओढ्यात ओतून दिली. आमची म्हैस पुढं कितीतरी दिवस त्या पाण्याला तोंड लावीना. मी शेजारी म्हणून बोलायला गेलो, तर तात्यांनी मलाच रिठ्याचे गुण सांगितले.

खरी पंचाईत झाली त्यांच्या बायकोची, शकुबाईंची. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं राखेनं भांडी घासली, चिंचेनं पितळ उजळलं, रिठ्यानं लुगडी धुतली आणि गुडघ्यांवर बसून शेणानं घर सारवलं. तेव्हा त्याला पर्यावरण म्हणत नव्हते, बाईचं काम म्हणत. गुडघे कामातून गेले तेव्हा भोसरीत नोकरीला असलेल्या मुलानं, रणजितनं, घरभर गुळगुळीत फरशी बसवली आणि उभ्यानं पुसायचा दांड्याचा पोछा आणला. पहिल्या दिवशी शकुबाईंनी त्या पोछ्याला हळदकुंकू वाहिलं. उभ्यानं फरशी पुसताना त्या गुणगुणत, हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

गावात तात्यांची व्याख्यानं सुरू झाली. देवळात बायका जमल्या की हे पुढं. “भांडी राखंनं घासावी, बहिणींनो. शास्त्र हाय त्यात.” जन्मभर राखेनं भांडी घासलेल्या बायका पदराआड हसत. एकदा तानूबाईनं विचारलंच, “तात्या, तुमी सवता किती घासता?”

“मी मार्गदर्शन करतो,” तात्या म्हणाले.

त्यातच घट बसायच्या आदल्या दिवशी राजलक्ष्मी मॅडम ‘आदर्श पर्यावरणपूरक घर’ बघायला येणार असा निरोप आला. घर अर्थात तात्यांचंच. तात्यांनी त्या दिवशी सकाळी फर्मान काढलं, “आज शेणानं सारवून घ्यायचं.”

“फरशीवर?” शकुबाईंचा विश्वास बसेना.

“व्हय. आन आता कायमचंच. त्यो प्लास्टिकचा दांडा रणजितला परत देतो मी.”

शकुबाईंनी एकदा पोछ्याकडं बघितलं आणि एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडं. मग त्या शांतपणे गोधड्या बांधायला लागल्या. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधीन्‌चिंधी धुतली जाते, आणि त्या दिवशी कालव्याला निघालेल्या बाईला अडवायची कुणाची हिंमत नसते.

“अवं, कालव्याला पानी सुटलंय. उद्या ऱ्हाईल का न्हाय, कुणाला ठावं,” त्या म्हणाल्या. “मी चालले. चिंच डब्यात हाय, शेन गोठ्यात हाय. तुमास्नी समदं म्हाईतच हाय.”

तात्या एकटे उरले. घरात गॅस आल्यापासून चूल पेटत नव्हती, त्यामुळं राख नव्हती. अंगणात भर घालायला आणलेली कारखान्याच्या बॉयलरची राख त्यांना दिसली. वाळूसारखी खरबरीत. तिनं आणि चिंचेनं त्यांनी घागर, हंडा, समई, सगळं घासलं. पितळ लखलखलं, हातांची सालटी निघाली. मग शेण कालवून ते गुडघ्यांवर बसले. मातीची जमीन शेण पिऊन घेते, फरशी कसली पिते! भादव्याची दमट हवा, काला तसाच पातळ पिठल्यासारखा पसरला. मधोमध गेल्यावर तात्यांना उठताच येईना. त्यांनी मला हाका मारल्या. मला म्हैस आठवली, म्हणून मी जरा सावकाश गेलो.

तेवढ्यात मॅडम आल्याच. “वा! परंपरा जपलीत!” त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. फोटो काढणारा उत्साहानं आत शिरला आणि पुढच्याच क्षणी शेणात बसला. मी तात्यांना ओढून बाहेर आणलं. मॅडमांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. नारळाच्या शेंड्या सोललेल्या तळव्यांना टोचल्या मात्र, तात्या “आई गं!” करून ओरडले. नारळ घरंगळत शेणात गेला.

शकुबाई ओल्या गोधड्या घेऊन दारात आल्या त्या याच वेळी. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी गोधड्या खाली ठेवल्या. तात्यांचे हात धुतले, उलटेपालटे करून पाहिले आणि शेजारी आपला तळवा धरला. तो भेगांनी भरलेला होता, आणि भेगांत काळं कायमचं बसलेलं होतं.

“ह्ये असंच हुतं,” त्या म्हणाल्या. “माझं जुनं हाय, म्हून तुमास्नी दिसलं न्हाय.”

तात्या त्या तळव्याकडं बघतच राहिले. एवढा संसार होऊन त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला असावा. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचीही, कारण घरी जाऊन मी बायकोचे हात बघायचं धाडस केलं नाही.

फिनेल त्या घरात परत आलं नाही. अजूनही रिठा आणि लिंबाच्या सालीच असतात. पोछा मात्र राहिला, आणि तो तात्यांच्या हातात असतो. शकुबाई पाय वर घेऊन बाजेवर बसतात आणि कोपरा राहिला की बोट दाखवतात. परवा तानूबाई दारात थबकून म्हणाली, “शकुबाई, फरशी लय झ्याक ठेवलीया की!”

“मी न्हाय बाई,” शकुबाई म्हणाल्या. “मी मार्गदर्शन करते.”