एकमताचा ठराव

नागरिकशास्त्राच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे 'ठरावबाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं तर आवडायचंही. दरवर्षी सातवीच्या वर्गात परिषद भरवायला त्या बाकं ओढून गोल करायच्या, डब्यातून देशांच्या चिठ्ठ्या काढायला लावायच्या आणि ज्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नाही अशी तीस-बत्तीस पोरं पाच मिनिटांत देशांचे प्रमुख होऊन बसायची. विषय ठरलेला होता. सीमेवर दहा हजार माणसं उभी आहेत, त्यांच्या मागे युद्ध आहे, काय करायचं? नियम दोनच. बाई मध्ये बोलणार नाहीत, आणि एकमत झाल्याशिवाय मधली सुट्टी नाही.

दुसऱ्या नियमावरून त्या मुख्याध्यापकांशी दोनदा भांडल्या होत्या. पुढारी भरल्या पोटी बसतात म्हणून जगात काही ठरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. एकवीस वर्षं नियमाने त्यांना दगा दिला नव्हता. अर्धा तास पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जायची, मग पोटात कावळे ओरडायला लागले की कोणीतरी म्हणायचं, "बरं, माझ्याकडे पाचशे पाठवा." मग दुसरं सहाशे घ्यायचं, आणि बघता बघता दहा हजार माणसांची सोय लागायची. ठराव मोठ्या कागदावर लिहायचा, खाली प्रत्येकानं पूर्ण नावानं सही करायची, आणि कागद वर्षभर वर्गाबाहेरच्या भिंतीवर.

"यंदा तरी जगाला वेळेवर जेवू दे," सकाळी नवरा म्हणाला. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून बाईंचा डबा तोच भरायचा.

"जग माझ्याकडे शिस्तीत वागतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोस्टापेक्षा बरं."

पण यंदा वर्गात 'नवी' होती. येऊन सात महिने झाले तरी मुलं तिला नवीच म्हणत. सीमेपलीकडून ती बापाबरोबर आली होती, आई वाटेतच गेली. नदीकाठच्या रिकाम्या गोदामात पडदे लावून जी कुटुंबं राहत होती, त्यांतलं हे एक. त्यांना राहू द्यायचं की परत पाठवायचं, याची सुनावणी व्हायची होती. पहिल्या दिवशी ती दारातच अडून राहिली तेव्हा बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, "या वर्गात तुला कोणी परकं म्हणणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

म्हणून परिषद घ्यावी की नाही, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण आपली पोरं किती शहाणी आहेत हे तिलाही दिसू दे, असं ठरवून त्या उलट दुप्पट हुरूपानं कामाला लागल्या. आठवडाभर त्यांनी घसा कोरडा करून शिकवलं. मोठ्या युद्धानंतर देशांनी एकत्र बसून करार कसा केला, जिथे जिवाला धोका आहे तिथे कोणाला परत ढकलायचं नाही, निर्वासितांच्या मुलांनाही शाळा मिळाली पाहिजे. मुलांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, खाली रेघासुद्धा मारल्या.

परिषदेच्या दिवशी पहिली उभी राहिली बेकरीवाल्याची मुलगी. "आमच्या देशात जागा नाही," ती म्हणाली. "आधी आमच्या माणसांचं बघायचं. यांना आज आत घेतलं तर उद्या डोक्यावर बसतील."

हे वाक्य बारा वर्षांच्या पोरीचं नव्हतं. ते जेवणाच्या टेबलावरून उचलून आणलेलं होतं. मग एकेक हात वर होत गेला, आणि प्रत्येकानं आपापल्या घरचं वाक्य आणलं होतं. दोघातिघांनी वहीतला करार वाचून दाखवला, पण आवाज चढल्यावर तेही बसले. बाई नियमाप्रमाणे खिडकीशी उभ्या होत्या. थोड्या वेळात भूक लागेल आणि पोरं ताळ्यावर येतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

भूक लागली. घंटा होऊन गेली, बाहेर बाकीच्या वर्गांचा गोंगाट सुरू झाला. 'दार बंद ठेवावे' या ठरावाला एक सोडून सगळे हात वर होते. तीस जोडी डोळे नवीकडे लागले.

"ए, कर ना वर! तुझ्यामुळे अडलंय सगळं," कोणीतरी ओरडलं.

बाईंना एक शब्द बोलायचा होता, फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. पण एकवीस वर्षांत परिषद चालू असताना त्या कधी मध्ये बोलल्या नव्हत्या आणि त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. नवीनं हात वर केला. आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ठराव मंजूर."

ठराव लिहून, सह्या करून सगळे पळाल्यावर त्यांनी नवीला गाठलं. "तू का गं हात वर केलास?"

"सगळ्यांना भूक लागली होती, बाई."

मुख्याध्यापकांना ठराव वाचून फार बरं वाटलं. "यंदा मुलं व्यवहारी झाली," ते म्हणाले. कागद फाडून टाकावासा बाईंना दहादा वाटला. पण मुलांनी सह्या केलेला कागद आवडला नाही म्हणून काढला, तर आजवर शिकवलं ते काय? सोमवारी परिषद पुन्हा घ्यायची, भरल्या पोटी, आणि तोवर कागद राहू द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी नवीचा बाप आला. सुनावणीसाठी त्याला मुलगी शाळेत शिकते असा दाखला हवा होता. पोती वाहून वाहून एक खांदा उतरलेला, पण शर्ट इस्त्रीचा. दाखला घडी घालून खिशात ठेवताना त्याची नजर वर्गाबाहेरच्या भिंतीवरच्या ठरावावर गेली. इथली लिपी त्याला येत नव्हती. पण लेकीचं नाव तेवढं तिनं त्याला घरी गिरवून दाखवलं होतं. त्यानं त्या सहीवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की बाईंना तिथून पळून जावंसं वाटलं. त्यानं शेजारी उभ्या लेकीला काहीतरी विचारलं.

नवीनं एकदा बाईंकडे पाहिलं. मग आपल्या भाषेत ती बराच वेळ बोलत राहिली, ओळीओळीवर बोट फिरवत. बापाचे डोळे भरून आले. तो वळला, बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या हातावर त्यानं कपाळ टेकलं.

"काय सांगितलंस गं त्यांना?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"सांगितलं, सगळ्यांनी मिळून दार उघडायचं ठरवलं. आणि तुम्ही ते सगळ्यांकडून लिहून घेतलंत."

बाप अजून हात धरून उभा होता आणि लेकीनं सांगितलं ते खरंच आहे ना, अशा नजरेनं बघत होता. बाईंनी मान हलवून हो म्हटलं.