विकलेलं गाणं

पिंजलेल्या कापसाचा वास आला की रिसोडचं आमचं गाद्यांचं दुकान आठवतं. तेव्हा गावात रेडिओ एखाद्याच घरी होता. अब्बा कापूस पिंजताना धनुकलीच्या ठेक्यावर स्वतः जुळवलेलं एक गाणं म्हणत. ते रेकॉर्डवर भरून घ्यायला मुंबईचा माणूस आला. "साल-दोन साल ठेवा, मंग वापस द्या," अब्बा म्हणाले. "कायमचंच लागेल," तो म्हणाला. अब्बांनी पैसे घेऊन कागदावर अंगठा दिला. अब्बा मुंबईला जाऊन गाणं भरून आले, त्या दिवसापासून दुकानात नुसतीच धनुकली वाजू लागली. "गानं काहून म्हनत नाही?" अम्मीनं विचारलं. "विकलेल्या गादीवर आपन निजतो का?" एवढंच म्हणून अब्बा पिंजत राहिले. परवा दारात पिंजारी बसवून नातवाची गादी भरून घेतली. गाणं मला अजून सगळं पाठ आहे. पिंजाऱ्याची धनुकली वाजत होती, मी तोंड मिटून बसलो.