कौल न घेता लिहिलेली तारीख

गोव्यात कारापूरला धुलाईच्या कारखान्याला लागून एक झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणारी बाय नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून तिचं आधी सांगतो. नाव लिहू नको, असं तिनंच बजावलंय. "नाव घातलंस तर फुडल्या खेपेक पंख्याखाला बसूंक मेळचें ना," म्हणाली. तेव्हा नुसतं बाय. माहेर पेडण्याकडचं, दिलेली डिचोलीत, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. लोकांचे अर्ज भरून देते आणि भरता भरता त्यांना चार शब्द सुनावते. मला तिनं बरेच सुनावलेत. ते सगळे माझ्या उपयोगी पडले.

माझं गाव देवगड तालुक्यात, आतल्या अंगाला. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली आणि डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून आलो. पुढे खाणी थांबल्या, ट्रक उभे राहिले, मी हरमलला किनाऱ्यावर उतरलो. आता टेंपो चालवतो. हरमलच्या पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी, टॉवेल, अभ्रे गोळा करायचे, कारापूरला आणायचे, धुऊन वाळवून परत न्यायचे. किनाऱ्यावर पाणी टँकरचं, म्हणून एवढी लांबची खेप. धुलाईला तीन-साडेतीन तास लागतात. तेवढा वेळ मी रिकामा. पहिल्यांदा बायच्या दुकानात शिरलो तो नुसत्या सावलीसाठी.

नकाशात बघितलं तर माझं गाव काही फार लांब नाही. तीन गाड्या बदलल्या की पोचतो. पण आमच्याकडे जत्रा सुरू होतात कार्तिकात आणि हरमलला पाहुणेही तेव्हाच येतात. जत्रांचा हंगाम तोच चादरींचा हंगाम. मालक चांगला आहे. म्हणतो, "मे महिन्यात जा की, पंधरा दिवस जा." पण मे महिन्यात जाऊन जत्रा कुठली बघणार? अकरा वर्षं झाली, माझ्या गावच्या जत्रेला मी नाही.

ती भूक मी वाटेवरच्या जत्रांवर भागवायचो. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठे ना कुठे देवळावर माळा लागलेल्या दिसायच्या. टेंपो कडेला लावायचा, पाया पडायचं, पुडीभर खाजं, म्हणजे गुळात घोळलेल्या शेवेच्या कांड्या, घ्यायचं आणि निघायचं. हे हरमलला कळलं. तिथे आचारी आमच्याकडचा, खोल्या झाडणाऱ्या बायका आमच्याकडच्या, कुणीच गावच्या जत्रेला जाऊ न शकणारे. रोज कुणाचा तरी फोन यायचा, "आज खय जत्रा असा रे?" मी सांगायचो. एकदा बायच्या दुकानात बसून तिसऱ्या माणसाला तेच सांगत होतो, तेव्हा ती यंत्रावरून मान वर करून म्हणाली, "सगळ्यांक फोनार तेंच सांगता मरे तूं. एकदाच बरयना कित्याक?"

बरय म्हणजे लिही.

"बाय, माझी आठवीसुद्धा पुरी नाही."

"जत्रेक वचपाक दाखलो लागता?"

वचपाक म्हणजे जायला. त्याच दुपारी तिनं माझ्या फोनवर फुकटातला ब्लॉग उघडून दिला. नाव ठेवलं, 'आज जत्रा कुठे'. लिहायची मला भीती, तर म्हणाली, तोंडानं बोल, फोन लिहितो. मी टेंपोत काचा वर करून बोललो आणि अभिमानानं तिला दाखवलं. 'श्री देवाच्या कृपेने वार्षिक जत्रोत्सव मोठ्या उत्साहात संपन्न होणार असून' असं काहीतरी होतं. बायनं वाचलं.

"हें बॅनर आसा. तुका तो आचारी कितें विचारता?"

"जत्रा कुठे ते."

"मागीर?"

"मग परत यायला गाडी मिळेल का."

"तेंच बरय."

तसं लिहायला लागलो. गाव कुठलं, वार कुठला. बस कुठे सोडते, तिथून चालायचं किती. परतीची शेवटची गाडी. बायकांना जायला सोय आहे का. खाजं आजचं आहे की मागच्या जत्रेतलं उरलेलं. फोटो एकच, तोही लहान, म्हणजे रेंज नसेल तिथेही पान उघडेल. वर मथळा लोक विचारतात तसाच. अमुक गावची जत्रा कधी? बाय म्हणाली, लोक फोनमध्ये हेच घालून शोधतात, तर आपण दुसरं कशाला लिहा.

शिवाय तिनं तीन गोष्टी सांगितल्या. लिहिण्याआधी त्या गावातल्या माणसाला विचारायचं. खाली कुणी काही लिहिलं तर उत्तर द्यायचं, "घरा आयिल्ल्याक उदक विचारतात मरे आमी." आणि वार चुकवायचा नाही. "पोदेराचो भोंपू वेळार वाजलो तर लोक दारात येवन रावतात. आज आयलो, फाल्यां ना, की लोक दुसरो पोदेर धरतात." पोदेर म्हणजे आमचा पाववाला. मी सोमवार आणि शुक्रवार धरले. माझ्या खेपा त्याच दिवशी असतात.

पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. मी प्रत्येक थांब्यावर फोन बघायचो. चादरी चढवताना बघायचो, उतरवताना बघायचो. लोक हसत असतील, कोण हा शहाणा, असं वाटायचं. मग एक दिवस खाली एक ओळ आली. 'छान. चहा कुठे बरा मिळतो?' ती मी बायला वाचून दाखवली, मग आचाऱ्याला, मग पुन्हा बायला. बाय म्हणाली, "उत्तर दिलें?" ते राहूनच गेलं होतं.

हळूहळू माणसं जमली. आचाऱ्याची म्हापशाची बहीण, तिच्या दुकानातल्या मुली, दोन बसचे कंडक्टर. शंका विचारायचे, थट्टा करायचे, पुन्हा यायचे. हंगाम असा गेला.

दुसऱ्या वर्षी मला हाव सुटली. एक टेंपोवाला म्हणाला, "अर्धवट काय लिहितस रे? सगळ्या हंगामाची यादी एकदम दी. लोक गोळा होतीत बघ." मला पटलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या वर्षीच्या तिथ्या घेतल्या, बोटांवर मोजून यंदाच्या तारखा बसवल्या आणि मोठा तक्ता टाकला. बायला दाखवला नाही. दाखवला असता तर तिनं विचारलं असतं, किती गावांत विचारलंस? आणि मी एकाही गावात विचारलं नव्हतं.

तक्ता उडाला. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. पूर्वी महिन्यात येत नसतील इतके लोक एका दिवसात आले. मला घरबसल्या दहावी पास झाल्यासारखं वाटलं.

त्या तक्त्यात पेडण्याकडचं एक गाव होतं. नाव लिहीत नाही, चूक गावाची नव्हती. यंदा तिथे मानकऱ्यांच्या घरात मयत झालं, सुतक आलं आणि जत्रा पुढे गेली. नवी तारीख देवाला कौल लावून ठरायची होती. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माझ्या कॅलेंडरला माहीत नव्हतं.

तीन दिवसांनी ब्लॉगवर एका बाईचे शब्द आले. 'मी वाळपईला एका आजींना सांभाळते. लेकीच्या बाळंतपणाचा नवस होता. महिन्याला एक सुट्टी मिळते, ती घेऊन तीन गाड्या बदलून गेले. देवळाला कुलूप होतं. तुम्ही लिहिलंत म्हणून गेले.'

शिवी नव्हती त्यात. शिवी असती तर बरं झालं असतं.

कारापूरला पोचेपर्यंत त्या तीन गाड्याच डोक्यात होत्या. तीन गाड्या बदलणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. चादरी उतरवल्याच नाहीत, सरळ दुकानात गेलो. "बाय, हे सगळं पुसायचं कसं ते दाखव."

तिनं फोन घेतला, वाचला, परत दिला. "पूस. हांगा दाब, सगळें वतलें. आनी ती बाय फुडल्या खेपेक कोणाक विचारतली?"

मी दाबायला बोट पुढे नेलं.

"तुका लज दिसता म्हूण तूं पुसता. तिचो दीस परत मेळचो ना त्यान." मग अर्जावर शिक्का मारता मारता, "तुमच्या गावांत कौल घेतल्याबगर पालखी भायर सरता?"

"नाही."

"आनी तुवें कॅलेंडराक कौल लायलो."

एक म्हातारा गिऱ्हाईक आपल्या दाखल्याची वाट बघत बसला होता, तो खुदकन हसला. मलाही हसू यायला हवं होतं. रडू आलं. बायनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, बोल आता फोनात.

तक्ता काढला. त्या जागी चार ओळी टाकल्या. चूक माझी आहे. मी गावाला विचारलं नाही. यादी काढली आहे. त्या गावची तारीख मी स्वतः जाऊन विचारीन आणि मगच लिहीन. वाळपईच्या बाईंना खाली वेगळं उत्तर लिहिलं, माफ करा. त्यांचं काही आलं नाही.

तक्त्यासाठी आलेले मात्र भडकले. 'यादी कुठे गेली?' 'भटजीबुवा, पंचांग पाण्यात पडलं काय?' मी प्रत्येकाला उत्तर दिलं. बहुतेक गेले ते गेलेच.

शुक्रवारी वाट वाकडी करून त्या गावात गेलो. देवळाच्या पायरीवर मानकऱ्यांतले एक आजोबा बसले होते.

"आता इलस विचारूक?" माझं ऐकून घेऊन ते म्हणाले. "तो तू काय? चार दिस लोक येवन आमकाच विचारी होते. आमच्या गावची जत्रा तू ठरवतस काय रे?"

"चुकलं, आजोबा."

"चुकलं तर चुकलं. पुढच्या सोमवारी सकाळी ये. कौल आसा."

सोमवारी मळक्या चादरी भरून गेलो. गुरवानं फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. पहिली तारीख देवाला सांगितली. डावीकडची पाकळी पडली. म्हणजे नाही. दुसरी तारीख सांगितली आणि काहीच होईना. माणसं हात जोडून उभी. माझ्या खिशात कारखान्याचा फोन थरथरतोय, गाडी कुठे म्हणून. मी मनात म्हटलं, देवा, त्या बाईंची सुट्टी ज्या दिवशी असेल तो दिवस दे. किती वेळ गेला कोण जाणे, उजवी पाकळी सुटली.

आजोबा माझ्याकडे वळले. "घाल आता."

टेंपोला टेकून मी फोनात बोललो आणि बोललेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं. "बस देवळाकडे येता म्हणान कोणी सांगल्यान तुका? फाट्यार थांबता. तां लिही." तसं लिहिलं. माझं लिहिलेलं त्या गावच्या माणसानं तपासून दिलं, असं तोवर कधी झालं नव्हतं. मग वाळपईच्या बाईंच्या शब्दांखाली नवी तारीख घातली. उत्तर नाही.

जत्रेच्या दिवशी दुपारी गेलो. ओटी भरायला बायकांची रांग लागली होती. त्यांतली एखादी ती असेल म्हणून मी लांबून बघत राहिलो. पण कुणालाही अडवून 'तुम्ही वाळपईच्या का' असं विचारणं बरं दिसलं नसतं. बायसाठी खाजं घेतलं आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी, डिचोलीत सिग्नलला थांबलो असताना, फोन वाजला. 'ओटी भरली. यावेळी बरोबर फाट्यावर उतरले. खाजं कडक होतं. पुढच्या सोमवारी सत्तरी तालुक्यात आमच्या जवळच्या गावात जत्रा आहे. मी गुरवांना विचारून आले आहे. लिहा.'

मागून हॉर्न सुरू झाले तरी मी उभाच.

दुसऱ्या कुणी विचारून आणलेली ती पहिली तारीख. आता सत्तरीचं सगळं त्या सांगतात. पेडण्याकडचं सगळं एक कंडक्टर सांगतो, बाकीचं आणखी कोण कोण. प्रत्येक जत्रेच्या खाली मी लिहितो, हे कुणाला विचारलं, गुरवांना की मानकऱ्यांना. तक्त्याच्या दिवशी आले होते तितके लोक पुन्हा कधी आले नाहीत. पण जे येतात ते सोमवारी येतात आणि शुक्रवारीही येतात, आणि उशीर झाला तर 'बरे आहात ना?' असं विचारतात. माझी आई सोडून मला हे कुणी विचारत नसे. फोन मी अजून दर थांब्यावर बघतो. ती खोड जायची नाही.

मागच्या महिन्यात पेडण्याच्या एका गावाबद्दल बायला वाचून दाखवत होतो. तळीवरून चालत गेल्यास दहा मिनिटे, असं मी लिहिलं होतं. बाय म्हणाली, "तळयेवेल्यान न्हय. आमच्या परसांतल्यान पांच मिनटां." आणि यंत्राकडे तोंड करून कागद लावायला लागली. ते तिचं माहेर. त्या जत्रेला ती कधी गेली होती, विचारलं. आठवून सांगते म्हणाली आणि सांगितलंच नाही. दुकान एकटीचं, दाराला कुलूप लावलं की लोक डिचोलीला जातात आणि मग तिकडेच जातात.

म्हणून मी यंत्रात कागद भरायला शिकलोय. अडकलेला कागद काढता येतो. आधार कार्डाची मागची बाजू अजून उलटी येते, तीही जमेल. बाय, हे तू सगळ्यांआधी वाचणार आहेस हे मला माहीत आहे, तेव्हा इथेच सांगतो. एक दिवस दुकानाच्या चाव्या माझ्याकडे द्यायच्या आणि तू माहेरच्या जत्रेला जायचं. लोकांना चार शब्द सुनावायचं काम मला जमणार नाही, तेवढं सोडून सगळं सांभाळीन. तारीख काय ते मी त्या गावात जाऊन, गुरवांना विचारून येईन.